फुगा आलेल्या टायरवर चिपळूण नाही

कासारवडवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. मोठं आहे, म्हणून कामापुरतं देतो.

“नऊ दिवसांपूर्वी रात्री साडेआठला ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर घरी येत होते. मुलीला वाटेत क्लासवरून घेतलं होतं. घोडबंदर रोडवर पातलीपाड्याच्या अलीकडे पाणी साचलेल्या खड्ड्यात पुढचं डावं चाक आदळलं. उजव्या अंगाला बाइकवाला होता, म्हणून गाडी वळवली नाही. खाली उतरून पाहिलं तर हवा होती, तशीच घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी टायरच्या बाजूवर लिंबाएवढा फुगा दिसला. आता ७० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि गाडी किंचित डावीकडे ओढते. गॅरेजवाल्याने चारही टायर आणि चारही अलॉय रिम बदला म्हणून ७५,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं आहे. टायर ७,००० ला एक, अलॉय ११,००० ला एक, वर मजुरी ३,०००. मिस्टर म्हणतात, रिमला काही झालेलं नाही, उगाच खर्च नको; आणि लक्ष तुझंच नव्हतं. सासरे म्हणतात, वागळे इस्टेटला रिम ठोकून मिळते, चीर असली तर वेल्डिंग होतं. एजंट म्हणतो, क्लेम टाका. गाडी चार वर्षं दोन महिन्यांची आहे, पेट्रोल, १२०० सीसी, ३८,००० किलोमीटर झालेत. आजवर क्लेम नाही, पॉलिसीवर ४५ टक्के नो क्लेम बोनस आहे. बोनस वजा होण्याआधीचा ओन डॅमेज प्रीमियम, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता, ९,००० रुपये; झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जास्तीचं कव्हर, घेतलेलं नाही. गणपतीला आम्हाला चिपळूणला जायचं आहे. सध्या ऑफिसला जाते, पण ४० च्या वर नेत नाही. काय करू? आणि महापालिकेकडून भरपाई मिळते का?”

ताई, उत्तर सावकाश वाचा, पण आधी खाली पार्किंगमध्ये जाऊन ते चाक उतरवा. स्टेपनी चढवा. स्टेपनीत हवा आहे का तेही बघा, कारण चार वर्षांत तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसणार. अलॉयच्या गाडीला कंपनी बऱ्याचदा स्टेपनी म्हणून स्टीलच्या रिमवरचा थोडा लहान टायर देते आणि त्यावर ८० चा स्टिकर लावते. तसा स्टिकर असेल तर त्या चाकावर गॅरेजपर्यंत जायचं. चिपळूणला नाही.

“४० च्या वर नेत नाही” हे वाक्य मला फार लोकांकडून ऐकायला मिळतं. त्यात काळजी आहे, पण समजूत चुकीची आहे. टायरमधल्या हवेचा दाब रबर पेलत नाही. रबर हे नुसतं कातडं. दाब पेलतात ते आतले धागे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे गेलेले. तुमचं चाक खड्ड्याच्या पलीकडच्या धारेवर आपटलं तेव्हा टायर पार चेपला, आणि त्याची बाजूची भिंत रस्त्याची धार आणि रिमची कड यांच्यामध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखी सापडली. धागे तुटले. रबर लवचीक, ते टिकलं. आता धागे तुटलेल्या जागी हवा आतून रबराला बाहेर ढकलते आहे. लिंबाएवढा दिसणारा तो फुगा म्हणजे टायरची ताकद गेलेली जागा.

तुमच्या मापाचा टायर एका किलोमीटरला पाचशेच्या वर फेरे मारतो. कासारवडवली ते ऐरोली जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर धरले तर दिवसाला वीस हजार वेळा तो फुगा रस्त्याजवळ येतो, दबतो, पुन्हा फुलतो. गाडी ४० ने न्या नाहीतर ८० ने, फेरे तेवढेच. हळू चालवल्याने टायर कमी तापतो आणि फुटलाच तर सावरायला थोडा वेळ मिळतो, एवढाच फायदा. तुमचा रस्ता आठवा: डावीकडे रिक्षा, उजवीकडे कंटेनर. तिथे पुढचं चाक एकदम बसलं तर “थोडा वेळ” किती असतो?

म्हणून टायरवर घासाघीस नाही. पंक्चरवाला म्हणेल, आतून गेटर, म्हणजे जाड ठिगळ, लावून देतो, सहा महिने काढाल. नको. बाजूच्या भिंतीला ना गेटर चालतो, ना पॅच, ना आत ट्यूब टाकून भागतं. टायरच्या साध्या वॉरंटीतही हे बसत नाही, कारण ती कारखान्यातल्या दोषाची असते आणि हा मार बाहेरचा. काही कंपन्या नव्या टायरवर ठरावीक मुदतीची जास्तीची हमी देतात, तिच्यात खड्ड्याचा मारही धरलेला असतो. तुमचे टायर गाडीसोबत आलेले, त्यामुळे ती आशा नाही. पण नवे घ्याल तेव्हा दुकानदाराला तोंडी विचारू नका, बिलावर लिहून घ्या.

आता मिस्टरांचं म्हणणं. त्यांनी रिम बाहेरून पाहिली असणार. अलॉयच्या दांड्या, म्हणजे ज्याला आपण स्पोक म्हणतो त्या, चाकाच्या बाहेरच्या अंगाला असतात. त्यामुळे बाहेरच्या कडेला आधार असतो आणि आतली, इंजिनाकडची कड तशी एकटी पडते. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा तिथेच लागतो. बाहेरून चाक नव्यासारखं आणि आतून कड चिंचेच्या बोटकासारखी वाकलेली, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. चाक उतरवलंत की आतली कड ओल्या फडक्याने पुसा आणि बोट फिरवत पूर्ण गोल जा. बोटाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. मग गॅरेजमध्ये टायर काढून नुसती रिम बॅलन्सिंगच्या मशिनवर फिरवायला सांगा आणि कडेपाशी पेन्सिल स्थिर धरा. कड पेन्सिलजवळ येते, लांब जाते, असं दिसलं तर रिम आऊट आहे. ७० च्या पुढे होणारी थरथर बहुतेक याचीच असणार. अशा रिमवर बॅलन्सिंगवाला शिशाचे तुकडे चिकटवत राहतो, मशिनवर शून्य येतं आणि रस्त्यावर हात थरथरतातच, कारण वजन सारखं झालं तरी चाक गोल झालेलं नसतं.

सासऱ्यांचा सल्ला मला हसण्यावारी न्यायचा नाही. त्यांच्या काळात तो बरोबरच होता. स्टीलची रिम वाकते, ठोकली की सरळ होते, पुन्हा वाकते, पुन्हा सरळ होते. रस्त्याकडेला हातोडी आणि लाकडाचा ठोकळा घेऊन बसलेल्या माणसाने ती केली तरी चालून जायची. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियमचं ओतीव काम. ओतल्यावर त्याला भट्टीत ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा मुरवून ताकद आणलेली असते. ते थोडं वाकतं आणि त्यापुढे तडकतं. गॅसची ज्योत लावून कड तापवली आणि घणाने सरळ केली, तर आकार परत येतो, पण भट्टीत कमावलेली ताकद त्या जागी जाते. वेल्डिंगचंही तेच. शिवण टिकते, शेजारची पट्टी मऊ पडते.

हे शहाणपण मी स्वतः एकदा केलंय. जुन्या गाडीच्या रिमला आतल्या अंगाला केसाएवढी चीर होती, एका कारखान्यात वेल्डिंग करून घेतली, वर रंग मारून दिला, काम इतकं सुबक की मीच चार जणांना दाखवलं. मग त्या चाकातली हवा रोज थोडी थोडी उतरायला लागली. दोन पंक्चरवाल्यांनी टायर पाण्यात बुडवून “काही नाही साहेब” म्हणून परत दिला. तिसऱ्याने साबणाचं पाणी रिमवर ओतलं तेव्हा वेल्डिंगच्या शेजारून बारीक बुडबुडे येताना दिसले. जुन्या चिरेच्या बाजूला नवी चीर पडली होती. रिम भंगारात गेली आणि वेल्डिंगचे पैसेही.

तेव्हा माझा हिशेब असा. आतल्या कडेला वाक आहे, चीर नाही, आणि वाक दांड्यांपासून लांब आहे, तर रिम सरळ करून घ्या; पण हायड्रॉलिक प्रेसच्या मशिनवर, हळूहळू दाब देत करणाऱ्याकडे. ज्योत पेटवणाऱ्याकडे नाही. सरळ झाल्यावर चिरा दाखवणारा लाल रंग मारून बघायला सांगा. तो पुसून वर पांढरा फवारा मारला की चिरेतला रंग लाल रेघेसारखा वर येतो. काम करणारा “त्याची काही गरज नाही” म्हणाला, तर दुकान बदला. चीर दिसली, मग ती कितीही बारीक असो, किंवा वाक दांडीपर्यंत गेला असेल, तर नवी रिम. एकच. चार नाहीत. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुन्या अलॉय मिळतात हे कोणीतरी सांगेलच. मिळतात. पण तिथली चकचकीत रिम आधीच कोणाच्या तरी खड्ड्यातून सरळ होऊन, रंगून आलेली असू शकते. घेणारच असाल तर वर सांगितलेली पेन्सिल तिथेही लावा, आणि नटांच्या भोकांमधलं अंतर, मधलं भोक आणि ऑफसेट (रिम हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते) तिन्ही जुळवा. नुसते “सोळा इंच” जुळून चालत नाही.

हे सगळं झालं चाकाचं. मला तुमच्या पत्रात जास्त खटकलं ते “डावीकडे ओढते”. फुग्यामुळे ओढू शकते, रिममुळेही ओढू शकते, पण चाकावर बसलेला धक्का चाकापाशी थांबत नाही. तो चाकाला गाडीशी जोडणाऱ्या भागांत, म्हणजे शॉकअप, लोअर आर्म, टाय रॉड, बेअरिंग असा आत जातो. गॅरेजवाल्याच्या एस्टिमेटमध्ये चार टायर आहेत, चार अलॉय आहेत, पण गाडी वर उचलून खालून पाहिल्याची एक ओळ नाही. जे पाहायला हवं ते पाहिलं नाही आणि जे दिसतं ते चारने गुणलं!

म्हणून कामाचा क्रम सांगून ठेवा. आधी गाडी लिफ्टवर. दोन्ही पुढची चाकं हाताने वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलवून खेळ आहे का बघायचा. लोअर आर्मचं बुश फाटलंय का, बॉल जॉइंट ढिला आहे का, शॉकअपमधून तेल आलंय का, आणि गिअरबॉक्समधून चाकाकडे येणाऱ्या ॲक्सलचं रबरी बूट फाटलंय का, एवढं उजेडात पाहायचं. बेअरिंग रस्त्यावर कळतं. वेग वाढला की घूंऽऽ असा आवाज येतो आणि एका बाजूला वळताना तो वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. हे सगळं ठीक करून झालं की टायर आणि रिम, मग बॅलन्सिंग, आणि सर्वांत शेवटी व्हील अलाइनमेंट. लोक नेमकं उलटं करतात. ओढते म्हटलं की आधी अलाइनमेंट, मग टायर, मग महिन्याने लोअर आर्म, मग परत अलाइनमेंट.

अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. कागदावर तीन गोष्टी असतात: टो (वरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय), कॅम्बर (समोरून पाहिलं तर चाक किती कललंय) आणि कॅस्टर (बाजूने पाहिलं तर चाक वळतं तो आस किती कललाय). तुमच्यासारख्या लहान गाड्यांमध्ये पुढचा फक्त टो नट फिरवून जुळवता येतो. कॅम्बर जुळवायला सहसा सोयच नसते. तेव्हा टो कागदावर हिरवा, म्हणजे मर्यादेत, झाला आणि डाव्या चाकाचा कॅम्बर उजव्यापेक्षा वेगळाच राहिला, तर काहीतरी वाकलंय. शॉकअपची नळी असेल, लोअर आर्म असेल, नाहीतर ज्यावर चाक बसतं तो नकल. “एवढं चालतं मॅडम” या वाक्यावर तिथून निघू नका. तो कागद पुढे क्लेमच्या वेळीही कामाला येतो.

चारही टायर बदलावेत का? आधी टायर कधी बनला ते सांगणारा, त्याच्या बाजूवरचा डीओटीचा आकडा बघा. शेवटचे चार अंक, म्हणजे १४२२ असतील तर २०२२ सालातला चौदावा आठवडा. मग नक्षीच्या खाचेत मधे मधे बारीक उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरला असतात, आणि टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की कायद्याने संपला. ३८,००० किलोमीटरला तुमचे टायर गोटा झाले नसावेत, पण अर्ध्याच्या पुढे गेले असणार. एका ॲक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला नको, म्हणून दोन नवे घ्या, एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे. आणि ते मागे लावायला सांगा, पुढचा चांगला असलेला जुना आणि मागच्यांतला कमी झिजलेला असे दोन पुढे. दुकानदार हरकत घेईल, “गाडीला जोर पुढच्या चाकांचा, नवे पुढे लावा”. पण पावसात पाण्यावर टायर तरंगला तर पुढचा घसरलेला कळतो आणि सावरता येतो. मागचा घसरला तर गाडी फिरते. टायर कंपन्याही नवे मागेच लावा म्हणतात. उरलेला एक जुना टायर चांगल्या स्थितीत असेल तर तो घरी ठेवा.

तर ७५,००० नाही. दोन टायर १४,०००, रिम लागलीच तर ११,०००, मजुरी आहे ती. खाली काही वाकलं नसेल तर २८,००० च्या आत आवरेल, रिम सरळ झाली तर आणखी बऱ्याच खाली.

क्लेमचं गणित लोक करत नाहीत, म्हणून इथे करून दाखवतो. मूळ पॉलिसीत लिहिलेलं असतं की टायरचं नुकसान तेव्हाच धरलं जाईल जेव्हा त्याच वेळी गाडीचंही नुकसान झालं असेल, आणि तेही निम्म्या किमतीपर्यंत. नुसता टायर फुटला म्हणून क्लेम टाकलात तर हाती काही नाही. तुमच्या बाबतीत रिमही गेली असं धरू. टायर ७,०००, निम्मे मिळतील ३,५००. ११,००० ची रिम धातूची, गाडी चार ते पाच वर्षांच्या मधली, म्हणून घसारा ३५ टक्के, मिळतील ७,१५०. एकूण १०,६५०. त्यातून १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. हातात ९,६५०, आणि मजुरीचा भाग. दुसरा टायर तुम्ही जोडी म्हणून घेताय, तो तुमच्याच खिशातून.

आता जाणार काय? क्लेम नाही केला तर पुढच्या वर्षी तुमचा बोनस ५० टक्के होईल आणि तिथेच राहील. क्लेम केला तर तो शून्यावर येतो आणि पुढे वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ असा चढत पाच वर्षांनी पुन्हा ५० ला पोचतो. फरक मोजा: पहिल्या वर्षी ५० टक्के, मग ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. ९,००० च्या प्रीमियमवर ११,२५०. गाडी जुनी होते तसा प्रीमियम उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. म्हणजे एक टायर आणि एक रिम एवढ्यासाठी तुम्ही स्वतःचेच पैसे पाच वर्षांच्या हप्त्याने परत करणार, वर सर्व्हेअरची, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाची, वाट बघणं वेगळं. एजंट खोटं बोलत नाहीये, त्याने फक्त पहिला अर्धा हिशेब केला आहे.

लिफ्टवर लोअर आर्म, शॉकअप, नकल यातलं काही वाकलेलं निघालं तर मात्र हिशेब फिरतो आणि क्लेम टाकायलाच हवा. म्हणून लिफ्ट आधी, एजंट नंतर. पण दोन्ही एकाच दिवशी, कारण अपघात लगेच कळवायचा असतो आणि तुमचे नऊ दिवस गेलेत. उशीर का झाला ते खरं खरं लिहा. दुसरी अडचण याहून मोठी आहे. दुरुस्तीआधी गाडी चालवल्यामुळे नुकसान वाढलं तर ते मालकाच्या जोखमीवर, अशी अट पॉलिसीत असते. सर्व्हेअरने ती काढली तर वाद घालायला तुमच्याकडे फार काही नसेल. आणि क्लेम टाकायचा ठरला तर त्याने पाहण्याआधी दुरुस्तीसाठी गाडी उघडू देऊ नका, जुने भाग गॅरेजमध्येच राहू द्या.

महापालिकेच्या भरपाईबद्दल. १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या प्रकरणात निकाल दिला. त्यात मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५०,००० ते अडीच लाख रुपये ठरवले. तुमच्यापैकी कोणाला इजा झालेली नाही, आणि वाकलेली रिम त्या निकालात बसत नाही. गाडीच्या नुकसानीसाठी दिवाणी दावा लावता येतो, पण २८,००० रुपयांसाठी तो लावा असं मी सांगणार नाही. वकिलाची पहिली फीच तेवढी होईल.

तक्रार मात्र करा, आणि लेखी करा. त्याच निकालात म्हटलंय की खड्डा निदर्शनास आणून दिल्यावर तो ४८ तासांत बुजवला पाहिजे, नाहीतर तो घोर निष्काळजीपणा. ते घड्याळ कोणीतरी तक्रार केल्यावरच सुरू होतं. घोडबंदर रोडवर प्रश्न असा येतो की खड्डा कोणाचा. महापालिका सार्वजनिक बांधकाम विभागाकडे बोट दाखवते, ते मेट्रोच्या कामाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे. तुम्ही यात पडू नका. “आपले सरकार” पोर्टलवर आणि महापालिकेकडे, दोन्हीकडे टाका. दिवसाउजेडी काढलेला फोटो, जवळच्या मेट्रो खांबाचा किंवा दुकानाचा उल्लेख, तारीख आणि वेळ. तक्रार क्रमांक जपून ठेवा. तुमचं चाक गेलं, पुढचा बाइकवाला असेल. नाशिक हायवेवर कधी असं झालं तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर आहे.

राहिलं “लक्ष तुझंच नव्हतं”. रात्र, पाऊस, समोरून येणारे हेडलाइट, आणि पाण्याने रस्त्याच्या बरोबरीला आलेला खड्डा. चार बोटं खोल की वीतभर, हे कोणालाच दिसत नाही, मिस्टरांनाही दिसलं नसतं. उजवीकडे बाइक असताना तुम्ही गाडी वळवली नाहीत, हा त्या रात्रीचा सर्वांत चांगला निर्णय होता. तो ११,००० च्या रिमला पडला असेल तर स्वस्तात पडला. हे वाक्य त्यांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

एक गोष्ट मात्र सांगतो, दोष म्हणून नाही. खड्डा चुकत नाही असं कळलं की आपला पाय ब्रेकवर घट्ट राहतो आणि चाक आत जाईपर्यंत सुटत नाही. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं नाक खाली जातं, पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, आणि खड्डा आला की त्याला दबायला जागा उरत नाही. सगळा मार टायर-रिमवर. खड्ड्याआधी जेवढं हळू होता येईल तेवढं व्हा आणि चाक धारेवर जायच्या क्षणी ब्रेक सोडा. हाताला सवय लागायला वेळ लागतो, मलाही लागला. आणि हवा. दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेली असते तेवढीच भरा, पंधरा दिवसांनी, थंड टायरवर. चार-पाच पीएसआय कमी असलेला टायर जास्त चेपतो आणि अडकित्ता तेवढाच लवकर मिटतो. तुमच्या टायरची भिंत ५५ ची, म्हणजे टायरच्या रुंदीच्या ५५ टक्के उंच, आधीच बुटकी. तिला कमी हवा अजिबात परवडत नाही.

चिपळूणला जा, पण काम झाल्यावर लगेच नाही. मधे तीन-चार दिवस ऑफिसला गाडी न्या. शंभरेक किलोमीटर झाले की चाकांचे नट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या, कारण नव्या बसवलेल्या अलॉयचे नट बसतात आणि थोडे सैल होतात. गॅरेजमध्ये हवेच्या गनने नट इतके घट्ट करतात की रस्त्यावर घरच्या पान्याने हलत नाहीत. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी पार्किंगमध्येच डिकीतला पाना काढा आणि एकेक नट तुमच्या हाताने सुटतो का बघा. मिस्टरांच्या नव्हे, तुमच्या. कशेडी घाटाच्या अलीकडे पावसात चाक बदलायची वेळ आली आणि मिस्टर छत्री धरून उभे राहिले, तरी काम अडायला नको.